आजोबांची बंदूक आणि आपले पंचशील



धम्मदीक्षा घेतल्यानंतर घरातले देव काढणे हे काम तसे सोपे असते. टाक, तसबिरी, परडी, कवड्यांची माळ हे सारे एका फडक्यात बांधायचे आणि नदीला द्यायचे. मन घट्ट केले की एका सकाळी ते उरकते. परंतु देव्हारा रिकामा झाला म्हणून घर रिकामे होत नाही. काही वस्तू अशा असतात की त्या देव नसतात आणि भांड्याकुंड्यांतही त्यांची गणना होत नाही. त्या वाडवडिलांच्या असतात. त्यांचे काय करायचे हे बावीस प्रतिज्ञांत सांगितलेले नाही. ते ज्याचे त्याने विचार करून ठरवायचे असते, आणि विचार करण्याची सवय लागावी म्हणूनच तर बाबासाहेबांनी आपल्याला या मार्गावर आणले.

दौंड तालुक्यात पुणे-सोलापूर रस्त्यावर भांडगाव आहे. तेथील एका नवदीक्षित कुटुंबापुढे असाच प्रश्न उभा राहिला. त्यांनी तो विहारात वंदनेनंतर सर्वांसमोर मांडला. घरचे नाव येथे देण्याचे कारण नाही, कारण हा प्रश्न एका घराचा नाही. तुमच्या माळ्यावर तलवार असेल, भाल्याचे पाते असेल, कट्यार असेल. त्यांच्या माळ्यावर बंदूक होती. ठासणीची, म्हणजे तोंडाने दारू आणि छर्रे भरून गजाने ठासायची. नळीवर गंजाचे पापुद्रे, दस्त्याला वाळवी, घोडा जागच्या जागी अडकलेला. दरवर्षी खंडेनवमीला आजी ती खाली काढून घेत, ओल्या फडक्याने पुसत, हळदकुंकू वाहत, वर झेंडूचे फूल ठेवत आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा गोणपाटात गुंडाळून माळ्यावर पाठवीत. आता दीक्षा झाली. जुने घर पाडून नवे बांधायचे ठरले आणि माळाच राहिला नाही. मग बंदूक कुठे ठेवायची?

थोरला मुलगा कुरकुंभच्या एका कारखान्यात फिटर आहे. लोखंड त्याच्या हातातले. त्याचे म्हणणे असे की बंदूक घासूनपुसून लख्ख करावी, घोडा-चाप मोकळा करावा, चालती करावी आणि पुढच्या खोलीत बाबासाहेबांच्या प्रतिमेखाली लावावी. धाकट्या सुनेला हे पटेना. ती सासूला म्हणाली, "आत्याबाई, पहिलं शील काय घेतलं आपण? मग मारायचं हत्यार भिंतीवर कशाला? कालव्यात टाकून द्या एकदाची." त्यावर आजी म्हणाल्या, "अगं, ती मारायला नाही ठेवली. ती आपली आब आहे. तुझ्या आजेसासऱ्याच्या आज्यानं कोरेगावच्या लढाईत चालवलेली आहे ती."

तिघांच्या बोलण्यात तीन वेगळे विचार आहेत आणि तिन्ही सहज बाजूला सारता येण्याजोगे नाहीत. म्हणून एकेकाचा विचार करू.

प्रथम आजींचे म्हणणे घेऊ. १ जानेवारी १८१८ रोजी भीमेच्या काठी कोरेगावला लढाई झाली. कॅप्टन स्टॉन्टनच्या हाताखाली मुंबई फौजेच्या पलटणीचे सुमारे पाचशे शिपाई, थोडे घोडेस्वार आणि दोन तोफा एवढे बळ आदल्या रात्री शिरूरहून निघाले. रात्रभर चालून आलेली ही माणसे दिवसभर पेशव्यांच्या सैन्याशी लढली. नदी डोळ्यांसमोर असून त्यांना अंधार पडेपर्यंत धड पाणी मिळाले नाही. तेथे उभ्या असलेल्या स्तंभाची पायाभरणी २६ मार्च १८२१ रोजी झाली. त्यावर कोरलेल्या ४९ मृतांपैकी २२ जणांच्या नावांच्या शेवटी 'नाक' आहे. ती आपली माणसे. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब त्या स्तंभापाशी गेले आणि आपल्या समाजाला ती नावे पुन्हा वाचायला शिकवली. आजींच्या मनात जी आब आहे ती तिथून आलेली आहे आणि ती खरी आहे.

बंदुकीविषयी मात्र आपण सत्याला धरून बोलले पाहिजे. कंपनीच्या पलटणीतील शिपायाची बंदूक चकमकीची असे. घोड्याच्या चोचीत गारगोटी, तिची ठिणगी रंजकावर पडे आणि मग बार उडे. तिची नळी पाऊण इंच रुंदीची. मुख्य गोष्ट म्हणजे ती शिपायाची नसे, सरकारची असे. नोकरी संपली की बंदूक कोठारात जमा होई आणि शिपाई रिकाम्या हातांनी गावी येई. भांडगावच्या बंदुकीचा घोडा टोपी फोडणारा आहे. टोपीच्या बंदुका या लढाईनंतर पुष्कळ वर्षांनी प्रचारात आल्या. म्हणजे ही बंदूक कोरेगावची असणे शक्य नाही. आजोबांनी किंवा त्यांच्या वडिलांनी डुकरापासून पीक राखण्यासाठी ती कोणा लोहाराकडून घेतली असावी, असाच तर्क करावा लागतो. गावकीच्या महाराला राखणीचे काम होतेच. हे ऐकून आजींचा चेहरा उतरला आणि आम्हांलाही वाईट वाटले. परंतु चौथे शील घरच्या कहाणीलाही लागू आहे. त्या पलटणीत त्यांच्या घरचा माणूस नव्हता असे आम्ही म्हणत नाही. एवढेच म्हणतो की त्याने चालवलेली बंदूक त्याला घरी नेऊ दिली नसती.

या एका तपशिलात फार मोठा अर्थ आहे असे आम्हांला वाटते. ज्यांनी आपल्या हाती बंदूक दिली त्यांनीच ती काढून घेतली. कोरेगावचा स्तंभ उभारणाऱ्या इंग्रज सरकारनेच १८९२ च्या सुमारास महारांची सैन्यभरती बंद केली. लढाऊ जाती कोणत्या आणि बिनलढाऊ कोणत्या याची याद्या करणारी नवी विद्या तेव्हा निघाली होती. ज्यांची नावे दगडात कोरली त्यांच्याच नातवंडांना तिने बिनलढाऊ ठरवले. १८९४ साली गोपाळबाबा वलंगकरांनी या अन्यायाविरुद्ध अर्ज केला. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी थेट विलायतेतील भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ साली महारांची १११ वी पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर १९२१ साली तीही मोडली. पुढे १९४१ साली बाबासाहेब संरक्षणविषयक सल्लागार मंडळावर असताना महार रेजिमेंटची स्थापना बेळगावला झाली. एवढ्या मोठ्या काळात आपल्या माणसांनी जे परत मिळवले ते अर्ज, सभा आणि युक्तिवाद यांच्या बळावर मिळवले.

तेव्हा सुनेने "टाकून द्या" म्हणावे हे सोपे आहे, पण हत्याराची आठवण आपल्या लोकांना एवढी मोलाची का वाटते, हे आधी समजून घेतले पाहिजे. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि न होऊ शकलेल्या भाषणात बाबासाहेबांनी एक प्रश्न विचारला आहे. जगात इतरत्र समाजक्रांत्या झाल्या, मग हिंदुस्थानात का झाल्या नाहीत? त्यांचे उत्तर असे की चातुर्वर्ण्याने खालच्या वर्गांना पुरते पांगळे करून ठेवले होते. त्यांना शस्त्र धरता येत नव्हते आणि विद्या मिळवता येत नव्हती. नांगर धरणाऱ्याला नांगराच्या फाळाची तलवार करण्याची मुभाच नव्हती. म्हणजे हजारो वर्षे आपण जे निःशस्त्र होतो ते अहिंसक होतो म्हणून नव्हे. आपल्याला निःशस्त्र केले गेले होते. हा फरक नव्या बौद्धाने कधीही विसरू नये. हात बांधलेल्या माणसाने थप्पड मारली नाही, तर त्याला क्षमाशील म्हणता येत नाही.

येथून आपण पहिल्या शिलाकडे येतो. प्राणिहिंसेपासून विरत राहण्याचे शिक्षापद आपण ग्रहण करतो. विरत होणे म्हणजे काय, याचा फार बारीक विचार आपल्या आचार्यांनी केला आहे. बुद्धघोषाचार्यांच्या 'अट्ठसालिनी' या ग्रंथात विरतीचे तीन प्रकार सांगितले आहेत. शील घेतलेले नसतानाही, मारण्याची संधी समोर आली असता, 'हे मला शोभत नाही' म्हणून जो मागे सरतो त्याची संप्राप्त विरती. शील ग्रहण केल्यामुळे जो स्वतःला आवरतो त्याची समादान विरती. आणि ज्या आर्यपुरुषाच्या मनातून मारण्याची इच्छाच समूळ तुटली त्याची समुच्छेद विरती. तिसरी तुमच्याआमच्यापासून दूर आहे. पहिल्या दोन आपल्या रोजच्या संसारातल्या आहेत.

दुसऱ्या प्रकारासाठी तेथे एक कथा दिली आहे. सिंहलद्वीपातील एका शेतकरी उपासकाने थेरांकडून शील घेतले होते. नांगरताना त्याचा बैल हरवला. तो शोधत डोंगरावर गेला तेव्हा एका प्रचंड सर्पाने त्याला विळखा घातला. खांद्यावर धारदार कुऱ्हाड होती. तिने सर्पाचे डोके उडवावे असे त्याच्या मनात आले. मग वाटले, थेरांसमोर घेतलेले शील मोडणे बरे नव्हे. असे तीनदा झाले. अखेर प्राण गेला तरी चालेल पण शील जाऊ देणार नाही असे म्हणून त्याने कुऱ्हाड रानात भिरकावली. सर्पाने विळखा सोडला, असा कथेचा शेवट आहे.

शेवटाविषयी आम्ही काही म्हणत नाही. सर्प शील ओळखतो यावर ज्याला विश्वास ठेवायचा आहे त्याने ठेवावा. बाबासाहेबांच्या अनुयायाने चमत्कारावर भिस्त ठेवण्याचे कारण नाही. पण कथेचा मधला भाग पाहा. कुऱ्हाड त्याच्यापाशी होती, तिला धार होती, आणि तीनदा हात तिच्याकडे गेला. म्हणून त्याच्या शिलाला काही किंमत आली. कुऱ्हाड मुळात नसतीच तर या कथेत सांगण्यासारखे काय उरले असते?

तुम्ही लगेच विचाराल, आणि विचारलेच पाहिजे, की मग आम्हीही सर्पाच्या विळख्यात कुऱ्हाड फेकून द्यायची काय? आमच्या वस्तीवर चाल करून येणारा सर्प नसतो, माणसे असतात. थोरल्याच्या मनातही हेच होते. पहिल्या दिवशी तो शोभेची गोष्ट बोलला. दुसऱ्या वेळी विहाराच्या पायरीवर बसल्यावर हळूच म्हणाला, "काही झालंच तर घरात काहीतरी असावं." १ जानेवारी २०१८ रोजी, लढाईला दोनशे वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, कोरेगाव भीमा परिसरात जो हिंसाचार झाला त्याची आठवण या सगळ्या पट्ट्यात अजून ताजी आहे. त्याच्या भीतीला आम्ही भ्याडपणा म्हणणार नाही.

या ठिकाणी बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात केलेला विचार आपल्याला मार्ग दाखवतो. अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे, असे ते सांगतात. नियम माणसाला बांधून टाकतो, तत्त्व त्याला विचार करायला मोकळीक देते. मारण्याची इच्छा आणि मारण्याची निकड यांत त्यांनी भेद केला. जेथे मारण्याच्या इच्छेवाचून दुसरे कारणच नाही, ती हिंसा तथागतांनी निषिद्ध मानली, असा त्यांचा अर्थ आहे. याच भेदामुळे महार रेजिमेंटमधला बौद्ध जवान सीमेवर उभा राहतो आणि सुट्टीवर आला की विहारात पंचशील घेतो. त्याला आपण दांभिक म्हणत नाही. त्याच ग्रंथात बाबासाहेबांनी तरुण सिद्धार्थाची कथा सांगितली आहे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्यांनी कोलियांशी युद्ध पुकारायचे ठरवले. सिद्धार्थाने शाक्य संघात त्याला विरोध केला आणि शिक्षा म्हणून परिव्रज्या पत्करली. हा सिद्धार्थ धनुर्विद्या शिकलेला क्षत्रियपुत्र होता. युद्ध येत नाही म्हणून तो नको म्हणाला नाही.

परंतु 'निकड' हा शब्द फार निसरडा आहे. ज्याला मारायची इच्छा आहे त्याला निकड नेहमीच दिसते. म्हणून ती कोणी आणि केव्हा ठरवायची, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शब्दांत शोधण्यापेक्षा महाडला शोधावे. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी घेतल्यानंतर आपल्या लोकांवर हल्ला झाला. मंडपात जेवत असलेल्यांना आणि गावात विखुरलेल्यांना मारहाण झाली. परिषदेला आलेल्यांत पलटणीतून निवृत्त झालेले, महायुद्ध पाहिलेले शिपाई होते. त्यांचे हात शिवशिवत होते. बाबासाहेबांनी एक शब्द उच्चारला असता तर महाडचे काय झाले असते याची कल्पना करा. त्यांनी तो शब्द उच्चारला नाही. लोकांना शांत ठेवले, फिर्याद दिली, आणि पुढे हल्लेखोरांपैकी काही जणांना न्यायालयात शिक्षा झाली. आम्हांला ती संप्राप्त विरतीची सर्वांत मोठी घटना वाटते. दीक्षेला अजून एकोणतीस वर्षे होती. तेथे कोणी पंचशील घेतलेले नव्हते. बळ होते, कारणही होते, तरी हात आवरला गेला. त्या दिवशी प्रतिकार झाला नाही असे जे म्हणतात त्यांना प्रतिकार कळलाच नाही. पाणी तर पिऊन झाले होते.

थोरल्याला आम्ही एवढेच विचारले की बाबा रे, उद्या रात्री दाराशी जमाव आला तर ही बंदूक तू चालवणार कशी? दारू भर, छर्रे घाल, गजाने ठास, टोपी बसव, मग एक बार. त्यानंतर पुन्हा सगळे पहिल्यापासून. गंजाने नळी आतून खाल्लेली असली तर तो एक बार समोरच्याऐवजी तुझ्याच तोंडावर फुटेल. लोखंडातले तो आमच्यापेक्षा अधिक जाणतो. तो काही बोलला नाही.

कायद्याची बाजूही प्रत्येक घराने माहीत करून घ्यावी. १९५९ चा शस्त्र अधिनियम आजही लागू आहे. ठासणीची बंदूक पीकसंरक्षणासाठी बाळगण्याचा परवाना त्यात आहे, पण परवाना माणसाचा असतो, घराण्याचा नसतो. परवानाधारक वारला की वारसाने विनाविलंब ते हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे असते आणि हवे असल्यास आपल्या नावाने अर्ज करायचा असतो. भांडगावच्या घरात आजोबांच्या मागे कोणी अर्ज केलाच नव्हता. आता यातली गंमत पाहा. जे हत्यार कालबाह्य आहे आणि दुरुस्ती करूनही चालू शकणार नाही, त्याला या अधिनियमातून सूट आहे. म्हणजे निकामी असेतोवर ती कदाचित वाडवडिलांची वस्तू ठरली असती. थोरल्याने घोडा-चाप चालता केला असता, तर तोच मुलगा विनापरवाना बंदूक बाळगणारा गुन्हेगार ठरला असता. अर्थात कोणते हत्यार या सुटीत बसते हे घरी बसून ठरवायचे नसते, ते अधिकाऱ्यांनी पाहून ठरवायचे असते. बंदूक दुरुस्त करण्याच्या धंद्यालाही परवाना लागतो.

दुसरी एक गोष्ट आपल्या लोकांना ठाऊकच नसते. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालच्या १९९५ च्या नियमांत अशी तरतूद आहे की जेथे अत्याचाराची भीती आहे तेथे शासनाने इतरांचे शस्त्रपरवाने रद्द करावेत, बेकायदा हत्यारे जप्त करावीत, आणि गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना संरक्षणासाठी परवाने द्यावेत. ज्या समाजाला शस्त्राला हात लावण्याची बंदी होती त्याच्यासाठी कायद्याच्या पुस्तकात हे लिहिले गेले. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा असल्याने ते आपल्यालाही लागू आहे. निकड असेल तर ती मांडण्याची ही जागा आहे. माळ्यावर लपवलेल्या बंदुकीला तिथे स्थान नाही.

धाकट्या मुलाने मध्येच सुचवले की पुण्यात जुन्या वस्तू घेणारे चांगले पैसे देतात. त्याला गप्प करायला वेळ लागला नाही. उपासकाने करू नयेत अशा पाच व्यापारांत शस्त्रांचा व्यापार पहिला सांगितला आहे.

आता गंजाबद्दल. धम्मपदाच्या मलवग्गात तथागतांनी गंजाचा दृष्टांत दिला आहे. गंज हा लोखंडातूनच उठतो आणि ज्यातून उठला त्यालाच पोखरतो, तसे माणसाचे कर्म माणसाला, असा त्याचा आशय आहे. थोरल्याने बंदूक उजेडात धरून पाहिली तेव्हा त्याच्या ध्यानात आले की गंज सगळीकडे सारखा नाही. नळीच्या वरच्या अंगाला, मधोमध, जेथे आजी दरवर्षी हळदकुंकू वाहत, तेथे तो सर्वांत खोल गेला होता. ओले फडके, ओले फूल, कुंकवाचा थर आणि वर गोणपाट. पूजेच्या ओलाव्यानेच ती सडली होती. पन्नास वर्षांत कोणी तिला कोरडे पुसून तेलाचा हात दिला असता, तर ती आजही धड राहिली असती. पूजा आणि निगा यांतला फरक एवढ्या स्पष्टपणे आम्ही दुसरीकडे पाहिलेला नाही. पुतळ्यांचेही असेच होते. जयंतीला हार पडतात आणि वर्षभर पाखरे बसतात. पण तो विषय वेगळा, असो.

थोरल्याने पॉलिश पेपर आणि गंज काढायचे द्रावण आणून ठेवले होते. ते आम्ही बाजूला ठेवायला सांगितले. जुने लोखंड घासून चकचकीत केले की त्यावरचे कारागिराचे ठसे, आकडे, अक्षरे सारे निघून जाते, आणि त्याबरोबर ती वस्तू कोणाची व केव्हाची हे सांगणारा एकमेव साक्षीदारही जातो. सुटे पापुद्रे तेवढे मऊ ब्रशने झाडावेत, तेलाचा पातळ हात द्यावा, लाकडाला वाळवीचे औषध लावून जवसाचे तेल चोळावे. वस्तूचे वय लपवू नये.

पण तेही करण्यापूर्वी एक काम करावे लागते. ठासणीची जुनी बंदूक भरलेली आहे की रिकामी, हे बाहेरून कळत नाही. म्हणून तोंड कोणाकडेही न करता नळीत हलक्या हाताने लाकडी काठी सोडावी, तोंडाशी खूण करावी आणि तीच काठी नळीच्या बाहेरून लावून पाहावी. टोपीच्या छिद्रापर्यंत ती पोचली तर नळी रिकामी. थोरल्याने वेळूची काठी सोडली. ती चार बोटे अलीकडेच थांबली. गंजाचा गठ्ठा असेल, किड्यांचे घर असेल, नाहीतर बार असेल. कोणीही पुढे हात लावला नाही. पोलिसांना कळवले, बंदूक जमा झाली, आणि जाणकाराने ती मोकळी केली तेव्हा आतून चिंधी, छर्रे आणि काळी दारू निघाली. कधीतरी डुकरासाठी भरलेली, न उडालेली, तशीच माळ्यावर गेलेली. काळी दारू कोरडी राहिली तर कित्येक वर्षांनीही पेट घेते.

आजींना हे सांगितले तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पोरं खेळायची माळ्यावर." आणखी थोड्या वेळाने म्हणाल्या, "मी कुंकू लावायची तेव्हा तोंड माझ्याकडंच असायचं."

सून जिंकली आणि आजी हरल्या असे कोणी समजू नये. सुनेचे म्हणणे ऐकून बंदूक कालव्यात टाकली असती, तर भरलेली बंदूक दुसऱ्या कोणाच्या पोराच्या हाती लागली असती. आपल्या घरातली हिंसा उचलून दुसऱ्याच्या दारात ठेवली म्हणजे शील पाळले असे होत नाही. आणि आजींनी आयुष्यभर जे जपले ते बंदूक हे निमित्त करून जपले. सम्राट अशोकाने कलिंगानंतर युद्धाच्या नगाऱ्याच्या जागी धम्माचा घोष आणला, त्याच शिलालेखांत त्याने आपला पश्चात्ताप आणि मेलेल्यांची मोजदादही कोरून ठेवली. झालेले खोडून टाकले नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीला, ज्या दिवशी घरोघर शस्त्रांची पूजा होत होती त्याच दिवशी, बाबासाहेबांनी नागपुरात लाखो लोकांना पंचशील दिले. आजींचे माहेर-सासर त्या दिवशी तिथे नव्हते. त्यांना ते यंदा मिळाले. त्यांच्या हातातले हळदकुंकू सुटायला थोडा वेळ लागला तर घरच्यांनी त्यांना टोचून बोलू नये.

बंदूक सध्या ठाण्यात जमा आहे. पावती घरी आहे. सुटीत बसते की नाही हे ठरेल तेव्हा ती परत येईल किंवा येणार नाही. आम्ही घरच्यांना सुचवले की तोवर आजींना जे आठवते ते एका वहीत उतरून घ्या. आजोबा कोणाच्या शेताची राखण करीत, त्याबद्दल बलुते काय मिळे, गावकीची कोणकोणती कामे करावी लागत, वतन केव्हा सुटले, पलटणीत कोण होते, कोणाला परत पाठवले. हे काम धाकट्या सुनेने घेतले. ती बारावी झालेली आहे आणि तिचे अक्षर चांगले आहे. पहिल्या दिवशी आजींना आपल्या आजेसासऱ्यांचे पूर्ण नाव आठवेना. संध्याकाळी भाकरी थापता थापता आठवले आणि त्यांनी तिथूनच हाक मारून सांगितले. नावाच्या शेवटी 'नाक' होते. सुनेने पिठाच्या हातानेच वही ओढून घेतली.